एकोणचाळीस पिनांचं जाकीट

"हे माझं जाकीट नाही," तो म्हणाला.

"तुमचंच आहे. पावतीवरचा नंबर बघा की," मी म्हणाले, आणि कौतुक ऐकायला तयार होऊन उभी राहिले.

खोटं कशाला बोलू? कौतुक व्हायलाच हवं होतं. दुकान मावशीचं, पण रफूचा हात माझा. जीन्सच्या कापडाचं ते जाकीट आलं तेव्हा त्याची पार लक्तरं झाली होती. सतरा ठिकाणी फाटलेलं, आणि फाटकं धरून ठेवायला एकोणचाळीस सेफ्टी पिना! चार दिवस मान मोडून मी एकेक भोक असं बुजवलं, की शोधून मलाही सापडू नये. पिना धुऊनपुसून पाकिटात भरून ठेवल्या होत्या.

त्याने जाकीट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. चेहरा पार उतरला.

"मी फक्त अस्तर शिवायला दिलं होतं हो..."

मावशीने चिठ्ठीवर नुसतं 'दुरुस्ती' लिहून ठेवलं होतं. आता बाईसाहेब कपाटाआड जाऊन काहीतरी शोधत होत्या.

"म्हणजे ते फाटलेलं... मुद्दाम होतं?"

"पंक आहे ते!"

"काय आहे?"

मग कळलं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. जाकीट त्याच्या आत्याचं. तीस वर्षांपूर्वी ती 'उलटी छत्री' नावाच्या पंक बँडमध्ये गायची. बँड मोडला, आत्याने गाणंच सोडलं. आता रविवारी दुपारी, टायरच्या जुन्या गोदामात, तो बँड पुन्हा एकदा वाजणार होता. आत्या कशीबशी तयार झाली होती, पण एका अटीवर. अंगात तेच जाकीट असेल, तर उभी राहीन.

आणि मी त्याचं पार शाळेच्या गणवेशासारखं करून ठेवलं होतं.

"पंक म्हणजे नक्की काय असतं?" मी चाचरत विचारलं.

"गिटारच्या तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि भरपूर राग. 'उलटी छत्री' ऐका, 'गंजका नळ' ऐका. 'सोनेरी दात' ऐकू नका, ते पंक नाहीत. ते केस विंचरून येतात."

"आमची मावशी रोज इस्त्रीवाल्यावर ओरडते. ते पंक?"

"किती वेळ?"

"दोन तास."

"मग नाही." आणि तो हसला. एवढं नुकसान होऊनही हसला — त्याच क्षणी माझं काहीतरी चुकलं, आणि ते टाक्यांमधलं नव्हतं.

"चला," मी म्हणाले. "तुमच्या आत्यांसमोर मीच उभी राहते. चूक माझी, बोलणीही मीच खाणार."

आत्या अठ्ठावन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. तिने जाकीट मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपत राहिली. आणि बाई खो खो हसत सुटली!

"अगं, पिना का लावल्या होत्या ठाऊक आहे? मला शिवताच येत नव्हतं! वाजवता येत नव्हतं म्हणून तीन कॉर्ड. येत नाही म्हणून थांबलो नाही, एवढंच आमचं पंक. हा पोरगा उगीच कोण पंक, कोण नाही याची परीक्षा घेत फिरतो."

तो लाजून कानापर्यंत लाल झाला. मला फार बरं वाटलं.

"पण," आत्या माझ्याकडे वळली, "तुला येतं ना? मग लपवलंस का?"

"रफू दिसला तर फुकट गेला, असं मावशी म्हणते."

"मावशीला रविवारी घेऊन ये. आणि हे सगळं लाल दोऱ्याने पुन्हा घाल. कुणाचा हात फिरलाय ते दिसू दे."

शनिवार अख्खा मी माझंच काम उसवून लाल दोऱ्याने पुन्हा घालत बसले. तो समोर बसून सुया ओवून द्यायचा. चष्म्याच्या दुकानातला माणूस, आणि नेढ्यात दोरा जाईना!

"नजर तपासून घ्या," मी म्हटलं.

"नजर ठीक आहे. जागेवर राहत नाही, एवढंच."

मी मान वर केली नाही... टाका मात्र वाकडा गेला. संध्याकाळपर्यंत अहो-जाहो कधी संपलं आणि त्याने मला 'सुई' कधी म्हणायला सुरुवात केली, कळलंच नाही.

रविवारी गोदामात पहिला ठोका पडला आणि माझ्या बरगड्या हलल्या. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आत्या पट्टा बांधलेल्या पायाने ठेका धरून "मी रांगेत नाही!" असं ओरडली, आणि शे-दोनशे माणसं तिच्यासोबत ओरडली. सूर चुकला, तर चुकलेलाच सूर सगळ्यांनी उचलून धरला. तिच्या अंगावर माझे सतरा लाल रफू झळकत होते. एवढ्या लोकांनी माझं काम आजवर कधी पाहिलंच नव्हतं. मला रडू फुटलं. बाजूला मावशी तोंडाचा आ करून उभी; दुसऱ्या गाण्याला तीही ओरडत होती. इस्त्रीवाल्याची आता खैर नाही.

सोमवारी दुकान उघडतोय तोच तो हजर. दोन बोटांना पट्ट्या. पांढऱ्या शर्टाच्या खिशावर लाल दोऱ्याने, वेडीवाकडी, उड्या मारणारी अक्षरं: तू मला आवडतेस.

"मीच शिवलं," तो म्हणाला. "तीन तास... शिवता येत नाही, पण थांबलो नाही."

"अरे, खिसाच शिवून टाकलास! पेन कुठे ठेवणार?"

"नाही ठेवणार."

मावशी चष्मा सरसावून पुढे आली. "अगं बाई, काय हे टाके! उसव आणि नीट घालून दे बिचाऱ्याला."

सवयीने माझा हात कात्रीकडे गेला. खरं सांगते, बोटं शिवशिवत होती. मी कात्री खाली ठेवली.

"नाही मावशी. यातला एकही टाका उसवायचा नाही."

मग मी सुईत लाल दोरा ओवला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"हलू नकोस. टोचेल."

"टोचू दे."

त्याच्या ओळीखाली मी एकच शब्द शिवला: तूही. समोरच्या फुटपाथवरून वाचता येईल, एवढे मोठे टाके घातले.