दोन गाठींचं बोंड

"हाई व्हवाव नही, पोरी. बठ्ठा बोंड गळी जातीन," शेतमालक सुपडूनानांनी बजावलं होतं, सगळी बोंडं गळणार म्हणून. मोहिनीने हसून ओढणी खोचली आणि चिमटा हातात घेतला. म्हाताऱ्या माणसांचं काय ऐकायचं!

ती असोद्याची, केळीच्या बागेत वाढलेली. जळगावला एम.एस्सी. करत होती आणि प्रकल्पासाठी तिला देशी कपाशीचं फूल हवं होतं. हल्ली देशी लावतो कोण? नरडाण्याला गाडीतून उतरून रिक्षाने शिंदखेड्याच्या आत्याकडे निघाली, तर वाटेत एका बांधावर पिवळी फुलं! रिक्षा थांबवून ती थेट शेतात शिरली.

"चोरी करायची तर सकाळी यायचं," मागून आवाज आला. "आता फुलं मलूल झालीत."

हेमराज. नानांचा नातू. खांद्यावर ठिबकची नळी, डोळ्यांत हसू.

"चोरी नाही... संशोधन आहे."

"अस्सं! जळगावात चोरीला असं म्हणतात होय?"

तिने चिडून सगळं समजावलं. शेतातल्या अमेरिकन कपाशीच्या पेशीत बावन्न गुणसूत्रं, बांधावरच्या देशीत सव्वीस. दोघींचा संकर करायचा. एक बोंड धरलं तरी प्रकल्प पूर्ण, नाहीतर वर्ष वाया.

"म्हणजे दर आठवड्याला यावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "नानांची परवानगी मी काढतो."

मग शनिवारी संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या अमेरिकन कळीतले पुंकेसर काढायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. रविवारी सकाळी देशीचा पराग लावून देठाला पांढरा दोरा बांधायचा. टोप्या धरायला हेमराज. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली की मोजणी चुकायची.

"कितवं?"

"सतरावं... नाही, अठरावं. तुम्ही बोलू नका हो!"

"मी कुठे बोललो?"

बोंडं मात्र गळत गेली. पहिली वीस, मग आणखी वीस. नाना नुसते बघत राहिले. त्या रविवारी मोहिनी पिशवी उचलून निरोप न घेताच निघून गेली.

पुढच्या शनिवारी हेमराज बांधावर धावतच आला. "एक धरलंय!"

पांढरा दोरा, टपोरं बोंड. मोहिनी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "छान. पण नव्या फुलांना पराग लावायचं थांबवायचं नाही हं."

आठवड्यांमागून आठवडे गेले, बोंड तडकायला आलं. तिने कागदी पिशवी काढली, तसा हेमराजने तिचा हात धरला.

"नको. प्रयोगशाळेत तुझी फजिती होईल. ते... साधं बोंड आहे. दोरा मी बांधला."

"का?"

"सगळी गळाली असती तर तू परत कशाला आली असतीस?" मान खाली घालूनच तो म्हणाला. "आणि तू आली नाहीस तर मला... जमणार नाही, मोहिनी."

ती खुदकन हसली. "मी दोन गाठी मारते. त्याला एकच होती. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली नाहीस?"

तिने शेजारचं झाड वाकवलं. पानाआड वेडंवाकडं, बारकं बोंड. पांढरा दोरा, दोन गाठी. "हे मी महिन्यापूर्वीच पाहिलंय. सांगितलं असतं तर काम संपलं असतं ना..."

त्या बोंडात दोनच बिया भरल्या होत्या. एक उगवली. एकोणचाळीस गुणसूत्रं, त्यांच्या जोड्या जुळत नाहीत, म्हणून फुलं भरभरून येतात आणि बोंड एकही नाही.

"सांगं व्हतं ना मी?" नाना अजून चिडवतात, पण त्या झाडाला पाणी घालतात तेच.

आता मोहिनी आणि हेमराज जळगावात राहतात. त्यांची लेक पाच महिन्यांची. नाव कौतिक, पणजीचं. तिला तापाची कणकण आहे, म्हणून दोघांना निघता येत नाही. आणि नाना सकाळपासून फोन उचलत नाहीत. बहुधा झाडाखालीच ठेवून विसरले असतील. तरी, नरडाण्याहून शिंदखेड्याकडे जाणारं कुणी असलात, तर बांधावर पिवळी फुलं दिसतील तिथे जरा थांबा. नाना जेवले का, एवढं विचारून या.