नीरेच्या पाण्यातले जिवाणू

कापूरहोळच्या फाट्यावर एसटी बंद पडली. कुंदाच्या मांडीवरच्या थर्मासात नीरेच्या पाण्याची बाटली होती, अन् तिच्याभोवतीचा बर्फ भराभर वितळत होता.

ढाब्यापाशी मोटरसायकल लावून एक तरुण चहा पीत होता. मागे लसीची पेटी बांधलेली. कुंदा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“थोडा बर्फ द्याल?”

“कामथडीची गुरं लसीची वाट बघतायत.” त्यानं तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. “कशाला हवाय?”

“या पाण्यातल्या जिवाणूंसाठी. आमच्या प्रयोगशाळेतला विषाणू त्यांच्यात शिरला, की हे त्याचे तुकडे करतात. मार्गदर्शक सर म्हणतात, माझंच काहीतरी चुकलंय. सोमवारी पुन्हा दाखवलं नाही, तर विषय दुसऱ्याला.”

“पण परका कोण, हे त्यांना कळतं कसं?”

“आपल्यांवर खूण असते. ती नसेल त्याला कापायचं.”

“आणि एखाद्यानं ती खूण मिळवलीच तर?”

“मग तो खुशाल आत—” कुंदा थांबली. कानशिलं तापली होती.

तो हसला. पेटीतला निम्मा बर्फ त्यानं थर्मासात ओतला. “मी सोपान. भोरला गुरांचा डॉक्टर आहे. काय झालं ते सांगायला या मात्र.”

सोमवारी सर पाठीशी उभे असताना तिनं जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बशांची झाकणं उचलली. साध्या जिवाणूंच्या थरात विषाणूनं भोकंच भोकं पाडली होती. नीरेच्या जिवाणूंच्या थरात जेमतेम दोन! सरांनी ती बशी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, “लिहायला घ्या.”

शनिवारी ती भोरला घरी आली, ती सोपानच्या दवाखान्यावरून. पुढच्या शनिवारीही... पावसाळा तसाच सरला. दिवाळीच्या तोंडावर वडिलांनी, दीनानाथरावांनी, साताऱ्याचं स्थळ आणलं. मुलाकडचे दुपारी यायचे होते, अन् सकाळीच कुंदा दवाखान्यात येऊन थडकली.

सोपाननं ठकुबाईची अडलेली म्हैस नुकतीच सोडवली होती. कोपरापर्यंत हात माखलेले.

“मी घरी तुमचं नाव सांगितलं,” कुंदा म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. “भोंगवलीच्या बौद्धवाड्यातला आहे, हेही?”

“सगळंच.”

“मग?”

“बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. अजून खाली घेतलेलं नाही.”

“कुंदा, घर तुटेल. नीट विचार करा. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?”

“माझं...” तिनं ठकुबाईकडे पाहिलं. “नंतर सांगते.”

“आता गं बया!” पारडू पुसता पुसता ठकुबाई कडाडली. “नंतर कशाला? म्या काय परकी हाय व्हय? बोल की!”

कुंदानं बादलीतून तांब्या भरला. त्याच्या माखलेल्या हातांवर पाण्याची धार धरली.

“हात धुवा,” ती म्हणाली. “आणि चला माझ्याबरोबर. पाहुणे यायच्या आत बाबांना भेटायचंय... दोघांनी.”