लाकूडतोडे मान का वर करत नाहीत

राजारामपुरीतल्या त्या प्रिंटिंगच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरले, ती नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून. पुढच्या सहा खेपा मात्र… आता काय लपवायचं! मालक फाइल घ्यायचे आणि कोपऱ्यात प्रसेनजीत नावाचा एक उंच मुलगा पट्टी धरून फ्लेक्स कापत असायचा. बाह्या वर सरकवलेल्या, नजर कटरच्या पात्यावर. मी बांगड्या वाजवल्या, उगाच खोकले. पठ्ठ्या ढिम्म. एकदाही मान वर नाही.

आज शेवटची प्रिंट होती. तीन वाजता कॉलेजात याच चित्रावर माझा सेमिनार, आणि त्यानंतर इथे यायला निमित्तच उरणार नव्हतं.

चित्र इटलीतलं, पाचशे वर्षांपूर्वीचं. रानात दोन मारेकरी एका संताला भोसकताहेत आणि मागे झाडीत लाकूडतोडे खुशाल लाकडं तोडताहेत. पुस्तकं म्हणतात, जग असंच निर्दयी असतं. प्रसेनजीत प्रिंटच्या कडा कापायला बसला, तेव्हा मी त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "शेजारी माणूस मरतोय, तरी मान वर करवत नाही लोकांना."

"वर बघितलं तर पाय तुटंल की," तो म्हणाला. मान खालीच.

मी प्रिंटवर वाकले.

"कुऱ्हाडी बघा, समद्या हवेत हायत. सुट्टीला शिरोळला आमचा ऊस तोडतो मी. कोयता उचलला की नजर हलवायची न्हाय, आई का हाक मारंना. वार पडला की बघत्यात ही माणसं. चित्रकारानं त्याच्या आधीचं टिपलंय."

प्रिंट घेऊन मी जवळजवळ पळाले. सेमिनारमध्ये हेच सांगितलं, शिरोळच्या प्रसेनजीतचं मत म्हणून, त्याच्या नावासकट. सर खुर्चीत पुढे सरकले, म्हणाले, "पुन्हा सांग." पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याच डोक्यात लख्ख उजेड पडला. कटर… पातं… खाली घातलेली मान! टाळ्या संपायच्या आत मी जिना उतरत होते.

तो कापतच होता. मी धापा टाकत समोर उभी राहिले आणि या वेळी खोकले नाही. पातं पट्टीच्या टोकापर्यंत गेलं. त्याने कटर खाली ठेवला आणि मान वर केली. किती तपकिरी डोळे होते ते…

"मला वाटायचं, तुम्ही कधी बघितलंच नाही माझ्याकडे," मी म्हणाले.

त्याने डावा अंगठा पुढे केला. त्यावर कापल्याचा एक नवा वण होता.

"एकदाच बघितलं, कापता कापता. तुम्ही पयल्यांदा आलता तवा. पिवळा ड्रेस हुता तुमचा." तो हसला. "आता कटर खाली हाय. बोला."

अर्धा तास घडाघडा बोलून आलेली मी… मला एकच वाक्य सुचलं.

"तुम्ही मला आवडता."

"व्हय," तो म्हणाला, आणि बघतच राहिला.