आई आत काम करतेय

पंख्याच्या पात्यांवर बसणारी धूळ करडी असते. कपड्यांचे तंतू, रस्त्यावरची माती, केस, आपल्याच अंगावरून झडलेली त्वचा, असं सगळं मिसळून तो रंग येतो. कुठल्याही घरातला कॉम्प्युटर उघडा, आतल्या पंख्यावर साधारण हाच रंग दिसेल.

ताईच्या घरातल्या पंख्यावरची धूळ पांढरी होती.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नाही. माझाही नव्हता. तिनं जे सांगितलं त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्या आहेत, कारण त्या लिहायला हात धजत नाही.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, तिच्या घराच्या आतल्या खोलीत हे घडलं.

आणि हे मी कागदावर, पेननं लिहिते आहे. कॉम्प्युटर सुरू करून नाही. का, ते पुढे कळेल.

ताईची आई, म्हणजे माझी मावशी, घरबसल्या टायपिंग करायची. विद्यार्थ्यांचे प्रबंध, लेखकांची हस्तलिखितं, वकिलांचे कागद. आतल्या खोलीत टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, आणि त्या डब्याची दिवसभर चालणारी घरघर. तिच्या हातांना घाम फार. म्हणून कामाला बसताना ती बोटांना टाल्कम पावडर चोळायची. पाय दुखायला लागले की ते डब्यावर टेकवायची. डब्याचा एक पत्रा सैल होता, पंख्याबरोबर थरथरून तोच घरघरायचा. पायाचा दाब पडला की तो गप्प व्हायचा.

घरघर थांबली की बाहेरच्या खोलीतून काका, म्हणजे ताईचे बाबा, हमखास विचारायचे, "दमलीस का गं?"

मावशी गेली ती अचानक. तापाचं निमित्त झालं, छाती भरली, आणि दवाखान्यातून ती परत आलीच नाही. काकांची स्मरणशक्ती आधीपासूनच विरत चालली होती. ती गेल्यावर उरलंसुरलंही गेलं.

रोज सकाळी ते ताईला विचारायचे, "तुझी आई कुठे आहे?"

ताई सांगायची.

आणि ते रडायचे. रोज नव्यानं. रोज पहिल्यांदाच कळल्यासारखे.

एकदा जुने फोटो शोधायला म्हणून ताईनं आतला कॉम्प्युटर सुरू केला. घरघर ऐकून काकांनी मान वर केली.

"आत काम करतेय वाटतं."

ताईच्या तोंडून निघून गेलं, "हो."

त्या दिवशी काका पोटभर जेवले.

त्या एका 'हो'नंतर माघार घेणं जमलं नाही. रिकामी खुर्ची त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ताईनं खोलीला कुलूप घातलं. किल्ली एकच, ती तिच्या गळ्यात. सकाळी कॉम्प्युटर सुरू, निजायच्या वेळी बंद. काका दाराशी घुटमळले तर ती म्हणायची, "आई आत काम करतेय, बाबा. हाक मारू नका. चुका होतात तिच्या."

काका मुकाट खुर्चीत जाऊन बसायचे.

पण मशीन म्हातारं झालेलं. आधी पॉवर सप्लाय जळाला. मग मेमरी गेली, मग डिस्क. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला गल्लीत सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, आणि तोही ते नाव मिरवायचा.

"ताई, या पेशंटला सोडा आता," तो म्हणायचा. "जुनं म्हणावं असं फक्त मदरबोर्ड, पंखा आणि पत्रा उरलाय. किती दिवस सलाइनवर ठेवणार?"

"तू दुरुस्त कर. बाकीचं माझ्यावर सोड."

शेवटी मदरबोर्डच गेला. डॉक्टरनं नवा बसवला, बरोबर पंखाही नवा टाकला आणि सैल पत्रा आवळला. मशीन सुरू झालं...

आवाजच नाही.

काका उठले. स्वयंपाकघरात डोकावले. न्हाणीघराचं दार वाजवलं. आणि डॉक्टरला दारापर्यंत सोडून ताई आत वळते न वळते तोच ते मागच्या दारानं अनवाणी रस्त्यावर गेले. शेजारच्या काकूंनी त्यांना चौकातून धरून आणलं, तेव्हा तळपाय पोळले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे ते निरखून पाहत होते म्हणे.

ताईनं डॉक्टरला परत बोलावलं. "जुना पंखा बसव. आणि पत्रा पुन्हा सैल कर."

"अहो, लोक आवाज घालवायला माझ्याकडे येतात. आवाज आणायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच!"

"बसव म्हटलं ना."

जुना पंखा तिनं स्वतः पुसून दिला. घरघर सुरू झाली आणि काका बसल्या बसल्या झोपले.

पुढे काही आठवड्यांनी डॉक्टर साफसफाईला आला. डबा उघडला, ब्रश फिरवला... आणि थांबला.

"घरात पावडर कोण लावतं?"

"कोणी नाही."

"मग त्या कोणी-नाहीला सांगा, जरा लांब बसून लावत जा. पंखा सगळं आत ओढतो."

तो हसला. ताई हसली नाही.

मावशीचा पावडरचा डबा तिनं आपल्या हातांनी टाकून दिला होता. केव्हाच. भिंतीचा रंग झडत असेल, चुना असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण स्वभाव जातो कुठे? पात्यावरची चिमूटभर धूळ पुडीत बांधून तिनं प्रयोगशाळेत नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

चपटे, पातळ पापुद्रे. एकमेकांवरून घसरणारे.

टाल्क होतं ते.

पुडीला वासही येत होता. शिळा नाही... नुकताच डबा उघडल्यासारखा.

तिनं पंखा पुन्हा पुसला. आठवड्यानं तो पुन्हा पांढरा होता.

आणि मग घरघर मध्येच थांबायला लागली. थांबायची, थोड्या वेळानं आपसूक सुरू व्हायची. डॉक्टर डोकं खाजवत राहिला. "पंखा फिरतोय. फक्त आवाज जातोय. वरून कोणी दाब दिल्याशिवाय हा पत्रा गप्प बसत नाही, ताई. मांजर शिरतं का आत?"

कुलूपबंद खोली. मांजर कुठून शिरणार?

पण दर वेळी घरघर थांबली की बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज यायचा... अगदी पूर्वीसारखा.

"दमलीस का गं?"

पुढचा भाग मी ताईला दोनदा विचारला. दोन्ही वेळा तिनं तो त्याच शब्दांत सांगितला. तेव्हापासून घरात एखादं यंत्र चालता चालता गप्प झालं की मी हातातलं काम टाकून ऐकत राहते. अजूनही.

सुट्टीची दुपार होती. काका बाहेर डोळे मिटून पडले होते. कारण शोधायचं तर एकेक शक्यता बाद करत जायची, हे ताईचं रोजचंच काम. ती कुलूप काढून आत गेली. टेबलाशेजारी जमिनीवर बसली. डबा फिरवून मागची जाळी स्वतःकडे केली. पंखा फिरताना दिसत होता. घरघर चालू होती.

तिनं भिंतीतला प्लग ओढला.

पाती मंदावली. एकेक वेगळं दिसू लागलं. मग थांबली.

घरघर थांबली नाही.

तिनं पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा स्थिर होता. त्यात जराही थरथर नव्हती. आवाज डब्यातून येतच नव्हता. तो वरून येत होता... तिच्या पाठीमागून, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून.

एका लयीत. आत, बाहेर. भरलेल्या छातीचा.

आणि खोलीत पावडरीचा वास होता.

ताई वळली नाही. वळवेनाच, म्हणाली.

तेवढ्यात दार हललं. उंबऱ्यात काका उभे होते. जे टाळण्यासाठी एवढं सगळं केलं, नेमकं तेच झालं होतं. आता ते रिकामी खुर्ची पाहणार, आता विचारणार, आता रडणार...

ते रडले नाहीत. ताईकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिच्या मागे, खुर्चीकडे पाहत होते. चेहऱ्यावर काळजी होती, घरातलं माणूस आजारी असलं की असते तेवढीच.

"तिला ऊठ म्हण ना," ते हळूच म्हणाले.

"बाबा..."

"पाय बघ केवढे सुजलेत तिचे. मी रोज सांगतो, आटप आता. ऐकत नाही. म्हणते, पोरीनं बसवलंय. पोरगीच उठवेल."

ताईच्या हातात अजून प्लग होता. उद्याची सकाळ तिला दिसत होती. तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. परवाही. त्यानंतरही. ज्या एका वाक्यापासून ती इतके दिवस पळत होती, ते तिला रोज उच्चारावं लागणार होतं.

मागची घरघर थांबली. कोणीतरी श्वास रोखून ऐकत असावं, तशी.

"आई," ताई म्हणाली, "काम संपलं. बाबांना मी सांगेन. रोज सांगेन. तू ऊठ आता."