टेकडीवरची बेपत्ता तुकडी

"माझी सोंगटी उचललीस आणि घोडदळ पुढे काढलंस, क्लेटन!"

"टेकडी रिकामीच होती, ऑर्विल. नीट बघत जा!"

दार आपटून मिस्टर क्लेटन हेक्स निघून गेले, तेव्हा मार्ला आणि तिचा धाकटा भाऊ ड्वाइट तळघराच्या जिन्यात बसले होते. सुट्टीतले आठ शनिवार आजोबा आणि मिस्टर हेक्स पिंगपाँगच्या टेबलावर नकाशा पसरून गेटिसबर्गची जुनी अमेरिकन लढाई सोंगट्यांनी खेळत होते. सोमवारी मिस्टर हेक्स कायमचे ॲरिझोनाला मुलीकडे जाणार होते. पंधरा वर्षांची दोस्ती अशी भांडून संपणार? मार्लाला फार वाईट वाटलं.

"सोंगटी चोरून त्यांना काय मिळणार?" ड्वाइटने विचारलं.

"सोंगटी म्हणजे सैन्याची तुकडी. तिच्या पुठ्ठ्यावर डावीकडे ताकदीचा आकडा, उजवीकडे चालीचा. घोडदळ आठ घरं जातं. पण शत्रूला लागून असलेल्या घरात शिरलं की तिथेच थांबायचं आणि लढायचं. आकड्यांची तुलना करायची, फासे टाकायचे. टेकडीवर आजोबांची तुकडी असती, तर घोडदळ अडलं असतं."

"म्हणजे फायदा झालाच की त्यांचा."

मार्लाने चालींची वही उघडली. गेल्या शनिवारी तुकडी टेकडीवरच होती. मग ती नकाशावर वाकली. टेकडीच्या सहाकोनी घराभोवती कागद गोलाकार फुगला होता.

"इथे कुणीतरी थंड पेला ठेवला होता."

"या टेबलावर? आजोबा पाण्याचा घोटसुद्धा आणू देत नाहीत."

"आपल्याला," मार्ला म्हणाली.

आजोबांचे रिकामे पेले घरात कुठे सापडतील याचा नेम नसे. दोघांनी व्हरांडा, गॅरेज, न्हाणीघर पालथं घातलं. शेवटी रेडिओमागचा पेला ड्वाइटने उलटा केला. बुडाला आजोबांची निळी सोंगटी चिकटून वाळली होती.

आजोबांनी तो पेला हातात घेऊन सोंगटी नखाने सोडवली. मग टोपी घालून समोरच्या घरी गेले आणि मिस्टर हेक्सना घेऊनच परतले.

"चूक माझी होती," आजोबा सोंगटी टेकडीवर ठेवत म्हणाले. "ही पोरं नसती तर मी ती मान्यही केली नसती."

"इतकी वर्षं आपण नियमांवरून भांडतोय. टेबलाकडे नीट बघितलं ते यांनी. शाबास रे!" मिस्टर हेक्सनी आपलं घोडदळ स्वतःच मागे घेतलं आणि टेकडीशेजारी थांबवलं. "इथे अडलो मी."

"सोमवारपर्यंत हा डाव संपायचा नाही, क्लेटन."

"नको संपायला. चाली पत्राने पाठव. फासे मात्र मार्लाने टाकायचे. तिने लिहिलेला आकडा मी डोळे मिटून मानेन."

आजोबांनी दोन्ही फासे मार्लाच्या हातावर ठेवले.