नळीतले गुलाबी पट्टे

विसरलेली छत्री घ्यायला दीपमाला प्रयोगशाळेत शिरली, आणि दारातच थबकली. पडदे ओढलेले होते. अंधारात एक लांब काचेची नळी गुलाबी उजळली होती, पण उजेड सलग नव्हता... बांगड्या ओळीने मांडाव्यात तसे पट्टे, मध्ये काळोख.

"दार लावा, उजेड येते," नळीमागून आवाज आला. तो चंद्रकुमार, सानगडीचा, भंडाऱ्याच्या या कॉलेजात नुकताच लागलेला सहायक. पंपाने नळीतली हवा काढत होता.

"हे पट्टे काहून पडते?"

"तेच पाहून राहिलो."

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या दीपमालाने आठवडाभर पुस्तकं चाळली आणि त्याला समजावलं. विजेच्या ओढीने इलेक्ट्रॉन धावतात, जोर धरतात; पुरेसा जोर आला की वायूच्या अणूंवर आदळून तो देऊन टाकतात. अणू उजळतात. रिकामे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा पहिल्यापासून धावू लागतात — तेवढी जागा काळी. हवा विरळ, म्हणून धाव लांब.

"म्हंजे सगळे एकाच जागी दमते?"

"जवळजवळ."

तो हसला, आणि पंप बंद करायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला.

हिवाळाभर तिची शहापूरला घरी जायची बस चुकत राहिली. कधी कधी ती मुद्दाम चुकवायची. उन्हाळ्यात तिची बंगळुरूला संशोधनासाठी निवड झाली, तेव्हा तिनेच त्याला सानगडीला जाऊन घरी लग्नाचं सांगायला लावलं.

तीन दिवसांनी तो परतला. मुलगी बौद्धांची, हे ऐकून त्याच्या आईने, निर्मलाबाईंनी, चूल पेटवली नव्हती. वडील काय बोलले ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

"मले भांडता नाही आलं, दीपमाला. नुसता उभा होतो."

"मी दोन वर्षं थांबली तर?"

"नोको थांबू. तवाबी मी असाच उभा राहीन..."

इतकं खरं बोलणाऱ्यावर रागावताही येईना.

ती निघाली त्या सकाळी शहापूरच्या थांब्यावर तिचे वडील अंकुश तिची बॅग धरून उभे होते. हायवेपलीकडे चंद्रकुमार मोटरसायकल लावून थांबला होता. रस्ता ओलांडत नव्हता.

"कोण आहे तो? तुह्याकडेच पाहून राहिला."

"कॉलेजातले आहेत... प्रयोगशाळेतले."

"मंग बोलव ना. घरी नेतो, चहा घेईल."

बस समोर येऊन थांबली.

"नाही येनार ते, बाबा," ती म्हणाली, आणि चढली.