डाव्या बाजूचे तीन नारळ

"नऊच कित्याक? दहा नको?" विश्रामने पोत्याचं तोंड आवळत विचारलं.

"दहा ठेवलेत तर माणूस न मोजताच दहा सांगता," आनंदी म्हणाली. "चल, उचल."

१९८९च्या दिवाळीच्या सुट्टीत देवबागची इतर पोरं करंज्या संपवत होती. ही दोघं मात्र नारळांचं पोतं ओढत वळणावर निघाली होती, आणि मागून जुलिया वडलांची वाकडी झालेली सायकल ढकलत येत होती.

जुलियाचे वडील साल्वादोर सायकलवरून पाव विकायचे. दोन दिवसांपूर्वी तिन्हीसांजेला याच वळणावर भाईच्या टॅक्सीने त्यांना मागून उडवलं आणि त्यांचा पाय मोडला. भाई म्हणजे आनंदीचा काका. माणूस वाईट नव्हता. साल्वादोरना उचलून मालवणच्या दवाखान्यात त्यानेच नेलं. पण भेटेल त्याला तो अगदी मनापासून सांगायचा, "माका तो दिसलोच नाय. दिसलो नाय म्हंजे आडवोच इलो!"

पुढचं बाजाराने जोडलं. सायकलवाला आडवा येतो म्हणजे प्यालेला असणार. साल्वादोर थेंबाला शिवत नसत, पण ते कोण ऐकतो? जुलियाने दोन दिवस बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. आज हवालदार परब पंचनाम्याला यायचे होते. 'आडवा आला' हे एकदा कागदावर चढलं की ते पुसायचं कोणी?

सकाळी यावरूनच आनंदी आणि जुलिया या दोघी मैत्रिणींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काकाची नजर चांगली आहे हे दाखवायला आनंदी तणतणत टॅक्सीत त्याच्या जागेवर जाऊन बसली.

"खंय आसस गो?" तिने ओरडून विचारलं.

"हयसरच! तुझ्या समोर!"

आनंदीने मान पुढे काढून बघितलं. समोर काचेवर अर्ध्यापर्यंत काळी फिल्म होती, भाईने ती कोल्हापूरहून हौसेने लावून आणलेली. खाली डाव्या अंगाला लुकलुकत्या दिव्याचं देवघर, त्याला खेटून पंखा आणि वरून दसऱ्याची झेंडूची माळ, मनगटाएवढी जाड आणि वाळून कोळ झालेली. माळ भाईच्या आईने, म्हणजे माईने ओवलेली. ती काढायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. एवढ्या सगळ्यातून जी फट उरली होती, तिच्यात जुलिया नव्हती.

काकाला सरळ सांगितलं असतं तर त्याने हसून तिचा गाल ओढला असता. म्हणून कणकवलीहून सुट्टीला आलेल्या चुलतभावाने, विश्रामने, नारळांची युक्ती काढली; नऊचा आकडा तेवढा आनंदीचा.

संध्याकाळी पंचनाम्यासाठी भाईने टॅक्सी त्याच जागी आणून उभी केली. हवालदार आले, पाचपन्नास माणसं जमली. माईही आली. रस्त्याच्या दोन्ही कडांना, एकावर एक रचलेल्या चिऱ्यांवर, सायकलवाल्याच्या उंचीला, नऊ नारळ मांडलेले होते.

"भाईकाका, सगळे म्हणतत तुमची नजर घारीसारखी," विश्राम म्हणाला. "बसल्या जाग्यावरून नारळ मोजून दाखवा बघू."

भाई खूश झाला. आत बसून त्याने सावकाश मोजले. "सहा."

"हवालदारसाहेब, आता तुम्ही."

परबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग बसले. "सहाच आहेत. त्यात काय?"

"उतरून मोजा."

उतरून मोजले तर नऊ भरले. न दिसलेले तिन्ही डाव्या कडेला होते. भाई परत आत बसला, परत उतरला. मग माई पुढे झाली. "सरक रे, माका बघूंदे." ती बसली आणि डोळे बारीक करून बघू लागली. "आणि जुलिया खंय गेली? आत्ता तर हयसर होती."

"ती हलूक नाय, माई," आनंदी म्हणाली. "तिचे बाबा होते थंयच सायकल घेऊन उभी आसा."

माईने हात वर करून आपली माळ ओढून काढली. देवघर उचलून पदरात घेतलं.

"पुढच्या काचेतून निदान सत्तर टक्के उजेड आत आला पाहिजे," हवालदार म्हणाले. "जुलैपासून नवा नियम आहे. ही फिल्म आजच खरवडायची. आणि चालकाच्या नजरेआड येईल असं काही काचेपुढे नको." मग जरा खाकरून म्हणाले, "मीही या गाडीतून दहा वेळा आलोय. माझ्याही ध्यानात आलं नाही."

भाई तसाच साल्वादोरकडे गेला. साल्वादोर पायाला प्लास्टर घालून ओसरीवर पडले होते. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"माका कित्याक सांगतस?" ते शांतपणे म्हणाले. "माका ठाऊक आसा. बाजारात सांगितलंस, थंय सांग."

सकाळी बाजार भरला तेव्हा भाई चहाच्या हॉटेलासमोर उभा राहिला. हवालदारही होते. पोरांची पाठ थोपटून ते म्हणाले, "तुम्हाला पंच करता येत नाही, वय कमी पडतं. पण नारळांची हकिकत मी पंचनाम्यात पुरती लिहिलीय. असं डोकं आमच्या चौकीतसुद्धा कोणाला नाही." विश्रामची छाती दोन इंच फुगली.

जुलिया आनंदीचा हात धरून कडेला उभी होती. दोन दिवसांनी ती प्रथमच बाजारात आली होती.

"साल्वादोर आपल्या बाजून सरळ जात होतो," भाई खाली बघत म्हणाला. "तो प्यालेलो नव्हतो. माझ्याच काचेतून माका दिसूक नाय. चूक माझी."

माणसांनी चहाचे कप खाली ठेवले. भाई वळून जायला निघाला.

"भाई," जुलिया म्हणाली. ती आनंदीचा हात सोडून पुढे आली. "परत एकदा सांगा. मागच्या लोकांका ऐकू गेला नाय."

भाईने तिच्याकडे बघितलं. मग मान वर करून, शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्याने सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.